माळ्यावरची बाहुली काट्यावर जाण्याआधी: रत्नागिरीत जुनी खेळणी कुठे सापडतात, ओळखायची कशी?

मे महिन्यातली गोष्ट. रत्नागिरीत एमआयडीसीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका भंगारच्या दुकानात मी दुसऱ्याच एका बातमीसाठी गेले होते. काट्यावर पितळेची गोणी चढत होती. समईचा तुटका दांडा, नळाच्या तोट्या, एक बिनलोळकीची घंटा आणि त्यातच लिंबाएवढं एक तपेलं. भातुकलीतलं. उचलून पाहिलं तर काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी अक्षरं कोरलेली. आधी 'कु.', मग पूर्ण नाव आणि शेवटी १९५८.

म्हणजे हे एका लहान मुलीचं होतं. घरच्या मोठ्या भांड्यांवर नाव घालायला कोणीतरी बसला असेल आणि तिनेही हट्टाने आपल्या तपेल्यावर नाव घालून घेतलं असेल. दुकानदाराला विचारलं, "काका, एवढं मला द्याल?" ते म्हणाले, "ताई, किलोच्या भावानेच दिलं असतं. पण एकटंच काय करणार? बाकीचं सगळं मागच्या गाडीतून गेलं."

वजनाने त्या तपेल्याचे तीसेक रुपये झाले असते. मी दीडशे दिले. त्या तपेल्याचं पुढे काय झालं ते शेवटी सांगते. आधी मुद्द्याचं.

रील्सवर सध्या परदेशातल्या 'थ्रिफ्ट स्टोअर'चे व्हिडिओ सारखे दिसतात. कोणी दोन डॉलरला जुनी बार्बी उचलतं, कोणाला पत्र्याची मोटार मिळते. ते पाहून आपल्याकडेही अनेकजण विचारतात, असं दुकान रत्नागिरीत आहे का? तसं दुकान नाही. पण जुनी खेळणी इथेही घराघरांतून बाहेर पडतात. फक्त त्यांना दुकानाचं शेल्फ मिळत नाही, ती थेट काट्यावर जातात.

खेळणी जातात कुठे?

कोकणातल्या घरात वस्तू फेकत नाहीत, माळ्यावर टाकतात. तिथे ती तीस-चाळीस वर्षं पडून राहते. मग घर पाडायचं ठरतं, वाटणी होते, किंवा मुंबईची मंडळी मेमध्ये येऊन 'एकदाचं सगळं साफ करून टाकू' म्हणतात. महामार्गाच्या चौपदरीकरणात रस्त्याकडेची कितीतरी जुनी घरं गेली, तेव्हाही हेच झालं. माळा रिकामा होतो, टेम्पो येतो. लाकूड चुलीत किंवा बंबात जातं, पितळ-तांबं भंगारात, कपड्याच्या बाहुल्या कचऱ्यात. प्लास्टिकच्या बाहुल्या शेजारच्या लहान मुलांना मिळतात आणि पावसाळा संपेपर्यंत त्यांचे हातपाय वेगळे झालेले असतात.

दुसरी वाट बोहारणीची. जुने कपडे देऊन स्टीलची भांडी घेण्याच्या व्यवहारात जुन्या जरीच्या साड्यांबरोबर कपड्याच्या बाहुल्याही गाठोड्यात जातात. आता बोहारणी कमी झाल्या आहेत, पण ही वाट बंद झालेली नाही.

तिसरी वाट ऑनलाइन विक्रीची. तिच्याबद्दल पुढे.

तुम्हाला खरंच शोधायचं असेल तर दिवस महत्त्वाचे. गणपतीआधीची साफसफाई, दिवाळीआधीची साफसफाई आणि मेचा दुसरा पंधरवडा. या तीन वेळी भंगारच्या दुकानांत घरगुती माल सर्वाधिक येतो. एरवी तिथे बहुतेक बांधकामाचं लोखंड आणि पुठ्ठाच असतो. एकदा जाऊन काही मिळणार नाही. मी आता तीन दुकानदारांना माझा नंबर देऊन ठेवला आहे. 'भातुकली, लाकडी खेळणी, पत्र्याच्या गाड्या आल्या तर फोटो पाठवा, वजनाच्या दुप्पट देईन' एवढं सांगितलं. त्यांनाही त्यात फायदा आहे, त्यामुळे फोटो येतात. दहातले आठ फोटो निरुपयोगी असतात, हेही सांगून ठेवते.

आणि गोणीत हात घालताना जाड हातमोजे घाला. पत्र्याची कड, खिळे, फुटकी काच. मी एकदा बोट कापून घेऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं आहे.

कोकणातल्या माळ्यावर काय सापडू शकतं?

सगळ्यात आधी सावंतवाडीची लाकडी खेळणी. आज सावंतवाडी सिंधुदुर्गात आहे, पण सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये वेगळा झाला. त्याआधी हा सगळा भाग रत्नागिरी जिल्ह्यातच होता. त्यामुळे राजापूर, लांजा, रत्नागिरीकडच्या जुन्या घरांत ही खेळणी निघाली तर नवल नाही. सावंतवाडीची चितार आळी या कामासाठी ओळखली जाते. लाकडी फळं, पाळणे, छोटे पाट, चौरंग, भातुकली, सोंगट्या. पूर्वी यासाठी पांगाऱ्यासारखं हलकं लाकूड वापरलं जाई. त्यामुळे जुनं लाकडी फळ हातात घेतलं की ते दिसतं त्यापेक्षा हलकं लागतं.

त्यावरचा रंग कसा बसवतात हे मला इंजिनिअरिंग करूनही माहीत नव्हतं. कातकामात वस्तू गरागरा फिरत असताना तिच्यावर रंगीत लाखेची कांडी टेकवतात. घर्षणाने उष्णता तयार होते, लाख वितळते आणि लाकडावर पसरते. ब्रश लागत नाही, वाळण्याची वाट पाहावी लागत नाही. म्हणून जुन्या लाखेच्या खेळण्यावर रंगाचे पट्टे गोल आणि सलग असतात. तेलरंग किंवा फवाऱ्याने मारलेला रंग कडेला पापुद्र्यासारखा सुटतो, ब्रशच्या रेषा दिसतात. अर्थात सावंतवाडीत हाताने रंगवलेलं कामही भरपूर आहे, त्यामुळे ब्रश दिसला म्हणून लगेच नवं ठरवू नका.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. सापडलेलं लाकडी खेळणं घरी आणून उत्साहाने सॅनिटायझरने पुसलंत, तर रंग फडक्यावर येईल.

सावंतवाडीचीच आणखी एक वस्तू ओळखू न आल्यामुळे हातची जाते. ती म्हणजे गंजिफा. हाताने रंगवलेली गोल पत्ती. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येकाची १२ पानं, म्हणजे १२० पानांचा जोड असतो. सावंतवाडीच्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ही कला पुन्हा उभी केली. खेळणारे उरले नाहीत, जोड विस्कटला आणि पाच-सहा पानं बिस्किटाच्या डब्यात बटणांबरोबर राहिली, असं होतं. कपाखाली ठेवायची चकती समजून ती टाकली जातात. जोड अपुरा असला तरी प्रत्येक पान हे स्वतंत्र चित्र आहे.

मग ठकी. आपल्याकडची लाकडी बाहुली. एकाच लाकडातून कोरलेली, हातपाय वेगळे नाहीत, वर रंग. रंग उडाला की ती नुसता ठोकळा दिसते. म्हणूनच ती सरपणात जाते. लाकडाच्या तुकड्याला डोक्याचा गोल आणि कमरेची खाच दिसली तर विळीपाशी नेण्याआधी पाण्याने नव्हे, कोरड्या मऊ फडक्याने पुसून पाहा. डोळ्यांची काळी रेघ अनेकदा शेवटपर्यंत टिकलेली असते.

आणि अर्थात भातुकली. पितळ, तांबं, लाकूड, दगड. बंब, घंगाळ, खलबत्ता, पाटा-वरवंटा, सोऱ्या, विळी, रोवळी, जातं. मोठ्यांच्या स्वयंपाकघरात जे जे होतं त्याचं छोटं रूप. कितीतरी मोठ्या वस्तू आता घरातून गेल्या आहेत. बंब कसा दिसायचा हे अनेक मुलांना आता भातुकलीतच पाहायला मिळेल. पुण्याचे विलास करंदीकर यांनी अशा भातुकलीचा मोठा संग्रह केला असून त्याची प्रदर्शनंही भरवली आहेत. पुण्यातल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातही जुन्या बाहुल्या आणि खेळणी पाहायला मिळतात. शोधायला निघण्याआधी एकदा तिथे जाऊन या. खरी जुनी वस्तू डोळ्याखालून गेली की बाजारातली नक्कल लवकर कळते.

कारण नक्कल म्हणण्यापेक्षा नवी भातुकली आजही बनते. पुण्याच्या तुळशीबागेत पितळी संच मिळतात, चांगले असतात. प्रश्न फक्त तोच संच कोणी 'शंभर वर्षांचा' म्हणून विकतं तेव्हा येतो. नव्या भांड्याच्या तळाशी बहुधा एकसारखी गोल वर्तुळं दिसतात, कारण पत्रा यंत्रावर फिरवून दाबलेला असतो. जुन्या घडीव भांड्यावर हातोडीचे ठोके असतात आणि जाडी सगळीकडे सारखी नसते. कडेला बोट फिरवलं तरी कळतं. ओतीव वस्तू असेल तर ती आकाराच्या मानाने जड लागते.

खिशात एक लहान लोहचुंबक ठेवा. पितळेला तो चिकटत नाही. चिकटला तर आत लोखंड आहे आणि वर पितळेचा मुलामा. हा दहा रुपयांचा चुंबक मला आतापर्यंत सगळ्यात उपयोगी पडला आहे.

गाड्या, बार्बी आणि गोव्यात बनलेले सैनिक

चाकरमान्यांची घरं असल्यामुळे आपल्याकडे मुंबईहून आलेली कारखान्याची खेळणीही खूप. आफ्रिकेत, आखातात किंवा बोटीवर नोकरीला असलेल्यांच्या घरी परदेशी खेळणी. यात ओळखीची तीन-चार कुळं आहेत.

पत्र्याची खेळणी. यांचा रंग वस्तू बनवल्यावर दिलेला नसतो. सपाट पत्र्यावर आधी छपाई करतात, मग पत्रा कापून, वाकवून, बारीक जिभा खाचांत अडकवून जोडतात. चुंबक चिकटतो. संधी मिळाली तर आतल्या बाजूला डोकावा. काही वेळा आत दुसऱ्याच कशाची छपाई दिसते, कारण तेलाच्या किंवा बिस्किटाच्या डब्यांचा पत्रा वापरून खेळणी बनत. मला एका मोटारीच्या पोटात अर्धवट इंग्रजी अक्षरं दिसली तेव्हा मोटारीपेक्षा त्याचंच जास्त कौतुक वाटलं.

ओतीव धातूच्या छोट्या गाड्या. मॅचबॉक्सच्या जुन्या गाड्यांच्या तळाशी 'लेस्नी' आणि 'मेड इन इंग्लंड' असं असतं. लेस्नी कंपनी १९८२ मध्ये बुडाली, त्यामुळे हे नाव असलेली गाडी त्याच्या आधीची. डिंकीच्या गाड्या लिव्हरपूलमध्ये बनत. तो कारखाना १९७९ मध्ये बंद झाला. त्यांचे काही जुने साचे त्याआधीच भारतात आले होते आणि कलकत्त्यात त्यातून 'निकी' या नावाने गाड्या निघाल्या. साचा इंग्लंडचा, रंगकाम जरा ओबडधोबड, दरवाजाची फट जास्त. आपल्याकडे त्या 'हलक्या प्रतीच्या' म्हणून टाकल्या गेल्या, पण आज परदेशातले संग्राहक त्या मुद्दाम शोधतात. या गाड्या जस्ताच्या मिश्रधातूच्या असतात, म्हणून चुंबक चिकटत नाही. धातूला आतून बारीक भेगा पडून कोपरे फुगले असतील, तर ती धातूतल्या अशुद्धीमुळे झालेली झीज आहे. ती दुरुस्त होत नाही.

तसंच जी. आय. जो या सैनिकांचं. फनस्कूल ही कंपनी १९८७ मध्ये सुरू झाली, तिचा कारखाना गोव्यात. अमेरिकी साच्यांतून निघालेल्या तिच्या सैनिकांचे रंग कधीकधी मूळ अमेरिकी सैनिकांपेक्षा वेगळेच असत. त्या वेगळेपणासाठीच ते शोधले जातात. ९० च्या दशकात तुमच्या मामेभावाकडे असा सैनिक असेल आणि त्याची बंदूक, हेल्मेट शाबूत असेल, तर त्याला एक फोन करायला हरकत नाही.

आता बार्बी. इथे सगळ्यात जास्त फसगत होते. बाहुलीच्या पाठीवर 'मॅटेल १९६६' वाचून लोक उड्या मारतात. ते साल बाहुली बनल्याचं नाही, शरीराच्या त्या रचनेच्या हक्काचं आहे. तेच साल पुढे ९० च्या दशकातल्या बाहुल्यांवरही येत राहिलं. मानेच्या कडेला, डोक्याच्या मागे जे साल असतं, ते चेहऱ्याच्या साच्याचं. म्हणजे १९७६ आणि १९६६ अशी दोन सालं असलेली बाहुली १९९२ ची असू शकते. त्याखाली देशाचं नाव असतं, ते जास्त कामाचं. भारतात बार्बी ८० च्या दशकाच्या उत्तरार्धात 'लिओ मॅटेल' नावाने आली. साडीतली, टिकली लावलेली बार्बी याच मालिकेतली. साडी, दागिने, बूट, खोका यातलं किती शिल्लक आहे यावर तिची किंमत ठरते, आणि बहुतेकवेळा बूट शिल्लक नसतात.

साल कसं ओळखायचं? खोका वाचा

खेळण्यापेक्षा खोका जास्त बोलतो. मला स्वतःला या शोधात याचीच सगळ्यात जास्त मजा येते. कारण इथे अंदाज बांधावा लागत नाही, छापलेलंच वाचायचं असतं.

किंमत बघा. रुपये-आणे-पै अशी असेल तर खेळणं १९५७ च्या आधीचं. 'न. पै.' म्हणजे नवे पैसे असतील तर १९५७ ते १९६४. त्यानंतर नुसते पैसे. रुपयाचं आजचं चिन्ह जुलै २०१० मध्ये आलं. ते असलेल्या खोक्याला 'व्हिंटेज' म्हणणाऱ्याला नमस्कार करून पुढे निघा.

पत्ता बघा. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. 'बॉम्बे - २' असा एक-दोन आकडी विभाग असेल तर बहुधा त्याच्या आधीचं, सहा आकडे असतील तर नक्की नंतरचं. बॉम्बेचं मुंबई १९९५ मध्ये झालं, कॅलकटाचं कोलकाता २००१ मध्ये. जुने खोके संपेपर्यंत वापरले जात, म्हणून दोन-तीन वर्षं पुढेमागे धरा.

देश बघा. 'ऑक्युपाइड जपान' असेल तर महायुद्धानंतरचं, म्हणजे १९४५ ते १९५२ मधलं. 'वेस्ट जर्मनी' असेल तर १९४९ ते १९९०. बारकोड ८९० ने सुरू होत असेल तर भारतीय खेळणं, पण ९० च्या दशकाच्या आधीचं नाही.

खोका नसेल तर प्लास्टिकचा तळ बघा. बाणांचा त्रिकोण आणि आत आकडा असेल तर १९८८ नंतरचं, कारण ती खूण तेव्हापासूनच सुरू झाली. काही प्लास्टिकच्या वस्तूंवर घड्याळासारखी छोटी गोल खूण असते, आत बाण आणि भोवती १ ते १२ आकडे. तो साच्यातला तारखेचा शिक्का आहे. बाण ज्या आकड्याकडे तो महिना, मधले दोन अंक ते वर्ष. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये शिकलेल्या फार थोड्या गोष्टी मला नोकरीत उपयोगी पडल्या, त्यातली ही एक.

मुलांना खेळायला द्यायचं का?

जुनं प्लास्टिक, पत्रा किंवा रंगवलेलं खेळणं लहान मुलाच्या हातात देऊ नका. जुन्या रंगांत शिसं असू शकतं आणि मूल ते तोंडात घालतं. शिशाचा मुलांच्या मेंदूवर परिणाम होतो. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा २०१७ मध्ये लागू झाली. १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय खूण १ जानेवारी २०२१ पासून सक्तीची आहे. तुम्हाला सापडलेलं खेळणं या दोन्हींच्या आधीचं आहे. पत्र्याच्या कडा आणि बारीक सुटे भाग हा वेगळा धोका.

आणखी एक प्रकार सांभाळून हाताळायचा, सेल्युलॉइडच्या बाहुल्या. अगदी पातळ, पोकळ, हलक्या. टेबल टेनिसच्या जुन्या चेंडूसारख्या. अंगठ्याने जोरात घासून वास घेतला तर कापरासारखा वास येतो, कारण त्यात कापूर असतोच. हे द्रव्य भसकन पेटतं. इंटरनेटवर 'तापलेली सुई टोचून ओळखा' असा सल्ला दिसतो, तो अजिबात करू नका. देवघराजवळ, समईशेजारी अशी बाहुली ठेवू नका.

पितळी भातुकलीचं मात्र वेगळं. ती स्वच्छ करून मोठ्या मुलांना खेळायला देता येते. फक्त कल्हई नसेल तर तिच्यात आंबट काही ठेवायचं नाही, एवढं आपल्या आज्यांनाही माहीत होतं.

आपल्या दमटपणाचं काय करायचं?

परदेशी व्हिडिओंतले सल्ले इथे अर्धेच चालतात. कोकणचा पाऊस आणि समुद्राची खारी हवा पत्र्याला, कपड्याला, कागदाला सोडत नाही. पत्र्याचं खेळणं पाण्याने धुऊ नका. कोरड्या ब्रशने झाडा, सांध्यांत तेलाचा अगदी पुसटसा हात द्या. आत सेल असतील तर आधी काढा. लाकडाच्या तळाशी रोज बारीक भुसा पडत असेल तर कीड जिवंत आहे. ते खेळणं बाकीच्यांपासून वेगळं ठेवा.

प्लास्टिकच्या बाहुल्या हवाबंद पिशवीत कोंबू नका. जुनं मऊ प्लास्टिक वर चिकट होत जातं, बंद पिशवीत ते आणखी वाढतं. डांबरगोळ्याही त्यांच्याजवळ नकोत, काही प्लास्टिक त्याने मऊ पडतं. सुती कापडात सैल गुंडाळून, कोरड्या कपाटात, बुटांच्या खोक्यात मिळणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवणं पुरेसं आहे. पावसाळा संपला की पुड्या बदलायच्या.

पितळेबद्दल आमच्या घरातच दोन मतं आहेत. संग्राहक म्हणतात, काळपट थर तसाच राहू द्या, त्यात वस्तूचं वय आहे. माझ्या आईने ते तपेलं घरी येताच पाचव्या मिनिटाला चिंच लावून लख्ख केलं. मी ओरडले. ती म्हणाली, "भांडं आहे ना ते? मग घासायला नको?" मला उत्तर सुचलं नाही. पण विकायचा विचार असेल तर घासू नका.

पैसे मिळतात का?

खरं सांगायचं तर बहुतेक जुन्या खेळण्यांना फार किंमत येत नाही. तुटकी, रंग उडालेली, सुटी. एकट्या तपेल्यापेक्षा पूर्ण संचाला, गाडीपेक्षा खोक्यासकट गाडीला मागणी. 'माझ्याकडे जुनी बार्बी आहे, किती लाख मिळतील?' असे मेसेज आमच्या डेस्कला येतात. त्याचं उत्तर बहुतेकदा हजारातही नसतं.

विकायचं किंवा घ्यायचं असेल तर रत्नागिरीबाहेर दोन जागा माहीत असाव्यात. मुंबईत चोर बाजारातली मटण स्ट्रीट, जिथे जुन्या वस्तूंची पक्की दुकानं आहेत. शुक्रवारी ती बंद असतात आणि त्या दिवशी पहाटेपासून गल्ल्यांत रस्त्यावरचा बाजार भरतो. पुण्यात मंगळवार पेठेजवळचा जुना बाजार रविवार आणि बुधवारचा. दोन्हीकडे घासाघीस चालते, आणि दोन्हीकडे तुम्ही शेवटचे नसता: दुकानदाराने तीच वस्तू आपल्यासारख्याच कुठल्यातरी गोणीतून उचललेली असते.

ऑनलाइन घेताना तळाचा, सांध्यांचा आणि खुणेचा जवळून काढलेला फोटो मागा. पुढे काय होतं ते मी पैसे देऊन शिकले आहे. 'आजोळची शंभर वर्षांची ठकी' म्हणून मी एकाला सहाशे रुपये आगाऊ पाठवले. आली ती बाहुली नवी होती. कॉफीच्या पाण्याने जुनी केलेली, कारण खोका उघडताच वास आला. आता 'आधी यूपीआय करा' म्हणणाऱ्याकडून मी काही घेत नाही.

कायद्याची एक बाजूही आहे. पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू, कारागिरीच्या वस्तू यांना पुरावशेष मानलं जातं. त्यांच्या विक्रीचा व्यवसाय करायला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. अमेरिकेतल्या भाचीने 'पणजीची बाहुली कुरिअर कर' म्हटलं तर आधी तिचं वय बघा.

आणि ते तपेलं

गोणी पावसकडच्या एका घरातून आली होती, एवढं दुकानदाराला आठवत होतं. नाव आणि आडनाव माझ्याकडे होतंच. नाव झाकून फोटो दोन-तीन गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि आडनाव लिहिलं. चार दिवसांनी डोंबिवलीहून एका बाईंचा फोन आला. त्या भाची निघाल्या. 'कु.' म्हणजे त्यांची आत्या, आता पंचाहत्तरीच्या आसपास, मुलाकडे राहतात. गावचं घर याच मेमध्ये विकलं गेलं. माळ्यावर भातुकली होती हे आत्यांशिवाय कोणाला आठवतही नव्हतं, आणि त्यांना कोणी विचारलं नाही.

संध्याकाळी आत्यांचा व्हिडिओ कॉल आला. मी तपेलं कॅमेऱ्यासमोर धरलं. लख्ख घासलेलं. त्यांनी चष्मा पुढे-मागे केला, अक्षरं वाचली. मग म्हणाल्या, "नाव घालणाऱ्याला बाबांनी वेगळे पैसे दिले नव्हते हो. मी रडायला लागले म्हणून त्याने असंच घालून दिलं." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "झाकण आहे का गो त्याचं?"

झाकण नव्हतं. तपेलं त्यांना कुरिअरने पाठवलं. झाकणाचं मी दुकानदारांना सांगून ठेवलं आहे. मापासाठी त्यांच्याकडे तपेल्याच्या तोंडाचा कागदावर काढलेला गोल दिला आहे, साडेचार सेंटीमीटर. परवा त्यांनी एक फोटो पाठवला. झाकणच होतं, पण अत्तरदाणीचं.